उलट्या गाडीचा ड्रायव्हर

सोमवार, ३ फेब्रुवारी

पकडले गेले! तेही पायजम्यावरून.

आजवर कितीतरी म्हाताऱ्यांची मापं अशीच घेऊन आले. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, आणि "तुमच्या लेकीनं कपडे शिवायला सांगितलेत" एवढं म्हणायचं. चाकाच्या खुर्चीचं माप म्हटलं की म्हातारी माणसं दार लावून घेतात. कपड्यांचं म्हटलं की ताठ बसतात, वर चहा विचारतात. बसल्यावर कंबर किती रुंद, मांडी किती लांब, गुडघ्यापासून टाच किती – झालं! खुर्ची घरी पोचते तोवर मी पसार.

आज एक रिटायर्ड बसड्रायव्हर भेटले. पलंगावर बसलेले. मांडीला टेप लावली तर शांतपणे म्हणाले, "पोरी, पायजम्याचं माप माणसाला उभं करून घेतात. बसवून कशाचं घेतात ते मला माहितेय. दुकान कुठलं तुझं?"

टेप तिथंच टाकून पळाले. टेप आत्याची.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आत्यानं टेपवरून सकाळपासून सोललं. दहावीत दोनदा आपटलेल्या भाचीला दुकानात ठेवून घेतलं ही तिची चूक, असं ती दर मंगळवारी म्हणतेच. आज कारणही होतं.

दुकान तिच्या सासऱ्यांनी सायकलींसाठी काढलं. मी लहान असताना इथं तीनचाकी, छोट्या सायकली टांगलेल्या असायच्या. आता त्याच आकड्यांना खुर्च्या लटकतात. गल्लीत पोरंच कुठं उरलीत? जी होती ती मोठी झाली, लांब गेली, आणि आईबापांसाठी फोनवरून खुर्ची मागवतात. आत्या म्हणते, पूर्वी कुणाचा पाय मोडला की खुर्ची भाड्यानं जायची, प्लास्टर निघालं की परत यायची. आता जाते ती जातेच. लोक नंबर लावून थांबलेत आणि आत्या जेवतानाही वाकड्या चाकाचा आऊट काढत असते.

दुपारी ड्रायव्हरआजोबांची मुलगी टेप द्यायला आली. कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. ताई म्हणते मी तिला. रागावली नाही, नुसती थकलेली दिसली. म्हणाली, वडिलांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. चोवीस तारखेचं ऑपरेशन ठरलंय. आणखी लांबलं तर तो डोळा हातचा जाईल असं घरी येऊन गेलेले डॉक्टर म्हणालेत. दुसरा बरा आहे म्हणून वडिलांनी तो बघू दिला नाही. पण घराबाहेरच पडत नाहीत! मागे गुडघे धरले तेव्हा दोन शेजाऱ्यांनी त्यांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीसकट उचलून डॉक्टरकडे नेलं. सगळी गल्ली बघत होती. तेव्हापासून उंबरठा ओलांडला नाही. गल्लीत गाडी शिरत नाही. चाकाची खुर्ची हाच एक उपाय, आणि तिचं नाव काढलं की जेवत नाहीत.

आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "बिघडवलंय तूच. आता निस्तर."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

खुर्ची घेऊन गेले. सरळ सांगितलं – आजोबा, ही तुमची.

म्हणाले, "जन्मभर लोकांना बसवून नेलं. ड्रायव्हर दुसऱ्याच्या हाती बसत नसतो. घेऊन जा."

मी घेऊन नाही गेले. त्यांच्या खोलीत ठेवली, वर त्यांचाच शर्ट वाळत घातला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

शर्ट वाळला. खुर्ची तिथंच.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज पेनानं ओठांवर झुपकेदार मिशी काढून गेले. वाटेत दूधवाला हसून सायकलवरून पडता पडता राहिला. ताई तर तोंडाला पदर लावून आत पळाली. आजोबा? ढिम्म! मी नाकासमोर उभी, मिशा पिळतेय, आणि हा माणूस विचारतो, "काय गं, आज काय नवीन?"

असला निगरगट्ट प्रेक्षक मी पाहिला नाही. हरले.

पण बोलले मात्र पुष्कळ. बस, घाट, पंक्चर, स्टिअरिंगवर झोपलेला एक मित्र. मग म्हणाले, ती खुर्ची इकडे आण जरा. खुर्चीच्या मागच्या दोन्ही मुठी धरून उभे राहिले. गुडघे कटकट वाजले. खोलीत दोन पावलं टाकली तर रिकामी खुर्ची सुळकन पुढे पळाली. मी धरलं म्हणून, नाहीतर आजोबा तोंडावर.

"वजन पाहिजे," म्हणाले. "बस तू."

मी बसले. त्यांनी मला खोलीत फिरवलं! पलंगाला वळसा, कपाटाला वळसा, परत दारापाशी. चेहरा असा, की बस डेपोतून निघालीय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

उंबरठा ओलांडला!!

मी खुर्चीत, आजोबा मागे. म्हणाले, ही उलटी गाडी आहे, ड्रायव्हर मागे आणि प्रवासी पुढे, म्हणून तू नुसती प्रवासी नाही, कंडक्टर. समोर काय ते सतत सांगत राहायचं. थांबायला एक घंटा, निघायला दोन. घंटा नाही तर तोंडानं. मला काय, चोवीस तास बडबडायची मुभाच! टिंग टिंग – डावीकडे स्कूटर – पुढे कुत्रं झोपलंय – उठलं – परत झोपलं – उजवीकडे गटाराचं झाकण – टिंग!

हातपंपापर्यंत गेलो नि आलो. आजोबा घामाघूम आणि खूश. मला "कंडक्टर" म्हणायला लागलेत.

शनिवार, १५ फेब्रुवारी

रोज जातोय. रोज थोडं पुढे. गल्लीला फुकटचा तमाशा. एक बाई आजोबांना थांबवून म्हणाल्या, नातीला असं कधीपासून झालंय हो? मी मान वाकडी करून दीनवाणं तोंड केलं. बाईंनी पिशवीतलं केळं माझ्या हातात ठेवलं. त्या वळल्या तशी मी उठून उडी मारली आणि "धन्यवाद मावशी" म्हटलं. मावशींनी मला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिल्या तर पान काळं पडेल.

आजोबा इतके हसले की त्यांना टेकायला खुर्ची लागली. म्हटलं आता बसतील. नाही बसले. भिंतीला टेकले.

चाक लावून घ्यायला दुकानात आलेला एकजण हा प्रकार आत्याला सांगून गेला.

रविवार, १६ फेब्रुवारी

आत्या भडकली. खुर्ची ही धरून चालायची वस्तू आहे का! उताराला पळाली तर? वगैरे वगैरे. बोलता बोलताच तिनं खुर्चीला मागे दोन छोटी चाकं लावली, उलटू नये म्हणून, आणि ब्रेक आवळून दिले. तिचं असंच असतं. तोंड एक बोलतं आणि हात दुसरंच करतात.

मग म्हणाली, "तो चालतोय ते ठीक. बसणार कधी? दवाखाना बाजारापलीकडे आहे. एवढं चालणं त्याच्या गुडघ्यांच्या बापाला जमायचं नाही."

ते मलाही दिसतंय. पण बसायचं काढलं की घाटाची गोष्ट सुरू करतात.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज माती खाल्ली.

रस्ता मोकळा होता, मला कंटाळा आला. उगीच ओरडले – खड्डा! खड्डा! उजवीकडे! आजोबांनी गर्रकन खुर्ची वळवली आणि आम्ही थेट भाजीवालीच्या हातगाडीत. टोमॅटो रस्ताभर. मी हसत सुटले. भाजीवालीपण हसली, ओळखीची आहे.

आजोबा हसले नाहीत. पांढरे पडले होते. हातगाडीला धरून कितीतरी वेळ उभे राहिले. मला वाटलं छातीत दुखतंय.

मग म्हणाले, "कंडक्टरनं खोटी घंटा द्यायची नसते. बाकी काय वाटेल तो वात्रटपणा कर. हा नाही."

एवढं काय झालं मनाला लावून घ्यायला? मिशी चालते, केळं चालतं, आणि एक खड्डा चालत नाही? घरापर्यंत नुसतं – डावीकडे सायकल. पुढे दगड. टिंग.

गुरुवार, २० फेब्रुवारी

गेले नाही. राग आला म्हणून नाही. लाज वाटली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ताई न्यायला आली. वडील सकाळपासून चपला घालून बसलेत म्हणाली.

गेले. दारातच म्हटलं, परत नाही देणार खोटी घंटा. आजोबांनी विचारलं, शपथ कुणाची? मी म्हटलं, आत्याची. तर म्हणे, तिला ठेव बिचारीला, तू नुसतं सांग. नुसतं सांगितलं.

मग टिंग टिंग.

रविवार, २३ फेब्रुवारी

उद्या ऑपरेशन. आणि आज आजोबा म्हणाले, येत नाही.

ताई भांडी घासत रडली. आवाज न करता, पण भांडीसुद्धा वाजेनात, त्यावरून कळलं. मी आजोबांजवळ खाली जमिनीवर बसले. थट्टा सुचेना. असं माझं फारसं होत नाही. शेवटी विचारलं, खुर्चीत बसायची लाज वाटते का हो? म्हणाले, लाज होती ती त्या शेजाऱ्यांनी उचललं तेव्हाच संपली. मी विचारलं, मग काय?

गुडघे चोळत राहिले.

"त्या दोघांनी उचललं ना, तेव्हा एकमेकांशी गप्पा मारत नेलं मला. कुठं वळतोय, कुठं पायरी, एक शब्द नाही. मी आपला हवेत. गोणी न्यावी तसं."

मी म्हटलं, मी गप्प बसू शकते का पाच मिनिटं तरी? तुम्हीच सांगा.

त्यावर जरासे हसले. येतो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी पोचले तर आजोबा दाढी करून तयार. ताईनं रजा टाकलेली. कपड्यांची पिशवी तिच्या खांद्याला. आजोबांनी मुठी धरल्या आणि मला मानेनं खूण केली – बस. बसले. काय करणार?

हातपंप गेला. भाजीवाली गेली, तिनं हात केला. बाजाराच्या तोंडाशी आलो आणि गुडघे संपले. मला मागून कळत होतं, खुर्ची थांबत थांबत चालली होती. ताईनं काही म्हणायला तोंड उघडलं, मी डोळ्यांनीच नको म्हटलं.

आजोबांनी विचारलं, समोर काय? खरं खरं सांग.

मी सगळं सांगितलं. माणसंच माणसं. मधे हमालाची ढकलगाडी, उलटी लावलेली. पलीकडे रस्ता, मग दवाखान्याचं फाटक, मग उतरती फरशी, ओली आहे.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "उतर, कंडक्टर. आता गाडी तू घे."

आणि बसले. हात मागे नेऊन चाचपून, सावकाश, थंडगार पाण्यातली एखादी पायरी उतरावी तसे. मी त्यांचे पाय खुर्चीच्या खालच्या पाटीवर ठेवले. मागे गेले, मुठी धरल्या. त्यांच्या घामानं ओल्या होत्या.

आयुष्यात इतकं खरं मी कधी बोलले नाही. आता उजवीकडे वळतोय. आता थोडा हिसका बसेल. आता थांबलोय, रस्ता आहे, लाल गाडी जाऊ दे. गेली. चला. आजोबांनी एक हात मागे करून माझं मनगट धरलं होतं, फाटकापर्यंत सोडलं नाही. माणसं वळून बघत होती. कुणालाच मी वेडावून दाखवलं नाही.

आत नेताना नर्सनं खुर्ची घेतली. आजोबा तिला म्हणाले, बोलत बोलत न्या हो, मला सवय आहे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पट्टी काढली.

डॉक्टर ताईला म्हणत होते, दुसऱ्या डोळ्याचंही लगेच करून घ्या. तोही पूर्ण पिकलाय. यांना कित्येक महिने उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नसणार. कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?

ताई भिंतीला टेकली. मी दारात उभी होते. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं – पाहिलं! – अनोळखी माणसाकडे बघावं तसं, आणि ताईला विचारलं, ही मुलगी कोण?

"आजोबा," म्हटलं, "हातपंप, स्कूटर, अख्खा बाजार – तुम्ही मला असं नेत होता?"

आवाजानं ओळखलं. हसले. "मग? कंडक्टर होती की समोर."