नॉयेनमोरची सात नंबरची विहीर

नॉयेनमोर, ६ ऑक्टोबर २०२४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबांचं नाव निघालं की तुझ्या कुकरला शिट्ट्या येतात, म्हणून कागदावर लिहिते. पीएचडीसाठी आखनहून हॉलंडच्या सीमेजवळच्या या तेलाच्या जिल्ह्यात आले आहे. बाबांचं क्षेत्र म्हणून मी तेल निवडलं, हे तुला ठाऊक आहेच. सपाट, काळी, दलदलीची जमीन. बटाट्याची शेतं, आणि चरणाऱ्या गाईंमध्ये मान खालीवर करणारे पंप. कुठे किती विहिरी, कुठे किती माणसं उरली, याचे नकाशे करते. नॉयेनमोरात एके काळी दोन हजार लोक होते. आता सहाशे चाळीस, त्यात निम्मे म्हातारे.

हे म्हातारे माझ्याकडे टक लावून बघतात. राटहाउसमधल्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेतल्या, नोंदणीच्या बाईंनी आडनाव वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला. बेकरीवाल्या आजींनी माझा हात धरूनच ठेवला. काल धुक्यातून एक म्हातारा समोर आला, मला पाहून त्याने टोपी काढली आणि शेतात वळला. आई, बाबा जर्मनीत हृदयविकाराने गेले, एवढंच तू सांगितलंस. नेमके कुठे गेले?

गुडघ्याला तेल लावत जा. उत्तराची वाट बघते.
तुझी मुक्ता

पनवेल, २१ ऑक्टोबर

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामाच्या वैभवीचं लग्न ठरलं. मुलगा तिकडे जर्मनीतच, गेर्लिंगेनला इंजिनिअर आहे, म्हणजे तुला रविवारचं जेवायला हक्काचं घर झालं. कानटोपी घाल, फॅशन मागाहून.

बाबांचं हृदय बंद पडलं, हे खोटं नाही. तू दोन वर्षांची होतीस, आणखी काय सांगायचं होतं? आखनला परत जा. नकाशे तिथे बसूनही होतील. आणि त्या सात नंबरच्या विहिरीकडे फिरकू नकोस.

काळजी वाटते, म्हणून लिहिलं.
आई

नॉयेनमोर, ९ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न.

सात नंबर मी लिहिलाच नव्हता, आई. म्हणून गेले.

विहीर केव्हाच बुजवली आहे. शेजारच्या घरात तो टोपीवाला म्हातारा राहतो. त्याचं नाव हिन्रिक, या विहिरीवर बाबांबरोबर कामाला होता. मुलं कोलोनला बोलावतात, पण तो हलत नाही. दारात मला बघून त्याने पुन्हा टोपी काढली. मग म्हणाला, डोळे दिनकरचेच आहेत.

त्याने सगळं सांगितलं. विहिरीच्या तोंडाशी काँक्रीटचा खोल खड्डा होता, त्यात विषारी वायू साठला. हिन्रिक आत कोसळला. बाबा प्राणवायूचा मुखवटा लावून उतरले, त्याला दोर बांधला, आणि तो श्वास घेत नाही असं पाहून स्वतःचा मुखवटा काढून त्याला लावला. वरच्यांनी हिन्रिकला ओढून घेतलं. दोर पुन्हा खाली जाईपर्यंत बाबा संपले होते.

दोराने वर जाताना शुद्ध येत होती, तेव्हा बाबांचा एक शब्द त्याच्या कानावर पडला होता. तो अजून धुक्यात पंपाच्या कुरकुरीतून ऐकू येतो, म्हणाला. पंचवीस वर्षं अर्थ कुणाला विचारला नाही. शिवी असेल अशी भीती होती. मग त्याने तो हळूच उच्चारला. आई, तो शब्द ‘सावकाश’ होता. मी अर्थ सांगितला तेव्हा तो टेबलावर डोकं टेकून रडला.

त्याने तुझं पत्रही दाखवलं, इंग्रजीतलं. तुम्ही जगलात याचा मला आनंद नाही, असं लिहिलेलं. घड्या पार झिजल्या आहेत. ते खरंच तू लिहिलंस?

रागावले नाहीये. फक्त लिही.
मुक्ता

पनवेल, २५ नोव्हेंबर

चि. मुक्ता,
आशीर्वाद.

हो, मीच लिहिलं. त्याने क्षमा मागणारं पत्र पाठवलं होतं. तू मांडीवर तापाने फणफणलेली, आणि माझा माणूस एका परक्याला स्वतःचा श्वास देऊन बसला होता. पोस्टात टाकलं आणि पेटीपाशीच उभी राहिले. ते परत काढावंसं वाटलं, पण हात आत जाईना. तेव्हापासून लाल पेटी दिसली की मी रस्ता बदलते. तुला खरं सांगितलं असतं तर ते वाक्यही सांगावं लागलं असतं.

तुझे बाबा मला जिना उतरतानाही ‘सावकाश’ म्हणायचे, पोटात तू होतीस तेव्हा.

आता माझं एक काम कर. हिन्रिकना नमस्कार सांग. म्हणावं, कोलोनला मुलांकडे जा. आणि ते पत्र जाळू नका, फाडू नका. मला परत पाठवा. ते माझं आहे. यापुढे मी सांभाळते.

तुझी आई