ब्लाऊजची उजवी बाजू

नाशिक, शुक्रवार

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

फोनवर तू लगेच रडतेस, म्हणून प्रफुल्लदादाच्या हाती मनमाडला हे पत्र पाठवतेय. मी बरी आहे. दवाखान्यातली खिचडी अळणी असते, एवढीच तक्रार.

दादाच्या लग्नासाठी शिवलेल्या ब्लाऊजची पाठ उजवीकडे फुगते म्हणून तू ती दोनदा उसवलीस. “डोळे गेले माझे, आता शिवण बंद,” म्हणालीस. आई, तुझं माप बरोबर होतं. डॉक्टरांनी मला दोन्ही हातांनी भिंत ढकलायला सांगितली, तेव्हा उजव्या खांद्यामागचं हाड आत हँगर राहिल्यासारखं वर आलं. तिथले स्नायू अशक्त झालेत. फळ्यावर लिहिताना हात गळायचा, तो त्यामुळेच. पण मूळ दुखणं मानेत आहे. तिथे मज्जारज्जूवर दाब आलाय.

सोमवारी ऑपरेशन आहे. आणखी बिघडू नये म्हणून करायचं, असं डॉक्टर म्हणाले. पुढचं मी विचारलं नाही.

बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना? मशीनला तेल घातलंस?

ब्लाऊज सोबत पाठवतेय. उजवीकडे थोडं कापड वाढवून शिव. माझी पाठ पुन्हा सारखी झालीच, तर तिसऱ्यांदा उसव.

तुझीच,
पिंकी