जानेवारीतला मुसांगू

स्कारबरो, सोमवार

प्रिय ईशिता,

"बाबा, रिलॅक्स, इट्स जस्ट अ रिपोर्ट," असं म्हणून तू काल फोन ठेवलास. म्हणून आज कागद घेतला. तो मध्येच कट करता येत नाही.

झांबियातल्या शेतांमधली एकशे चाळीस मुसांगूची झाडं तुझ्या कंपनीने 'मृत' ठरवली. कशावरून? ड्रोनच्या फोटोंत पानं नाहीत. फोटो कधीचे? गेल्या वर्षीच्या जानेवारीचे, तिथल्या भर पावसाळ्यातले. अगं, बाभळीच्या कुळातलं हे झाड उफराटं आहे. पाऊस आला की पानं टाकतं आणि रान करपलं की हिरवं होतं. म्हणून तर त्याच्याखाली मका पोसतो. ऐन वाढीत सावली आड येत नाही, गळलेल्या पानांचं खत होतं, मुळं जमिनीला नत्र देतात. चारा संपला की त्याच्या वळलेल्या नारिंगी शेंगांवर गुरं जगतात. तिथे नोकरीला होतो तेव्हा पहिल्या वर्षी मीही विचारलं होतं, ही वाळकी झाडं ठेवलीत कशाला? शेतातली बाई हसून म्हणाली, साहेब, तुमच्याकडे झोपलेल्या माणसाला पुरतात का?

माझ्या खिडकीबाहेरचा मेपल नोव्हेंबरपासून उघडा उभा आहे. त्याला मृत ठरवशील? नाही, कारण तो तुझ्या ओळखीचा. परक्या झाडाबद्दल माहिती नसणं गुन्हा नाही. पण तिथल्या एकाही शेतकऱ्याला न विचारता, व्हँकुव्हरमध्ये बसून त्याची झाडं तोडायला सांगणं हा उद्दामपणा आहे. गुळगुळीत कागदावर छापला की त्यालाच तज्ज्ञांचं मत म्हणतात. मार्चमध्ये तोड सुरू होईल. एवढं झाड पुन्हा उभं राहायला एक पिढी जाते.

आता फोनवर जे बोललो नाही ते. अहवालाच्या शेवटच्या पानावर तपासनीस म्हणून माझं नाव आहे. दिवाळीत तू मसुदा पाठवलास आणि मी तो न उघडताच 'उत्तम' असं कळवलं. लेकीचं काम, त्यात काय तपासायचं? ज्या आळसासाठी तीस वर्षं विद्यार्थ्यांना झोडपलं, तोच मी केला. पुढच्या सोमवारी मी हा अहवाल मागवणाऱ्या संस्थेला लिहिणार आहे की मी न वाचता मान्यता दिली. त्यानंतर माझ्या शब्दाला किंमत राहणार नाही, आणि तुझी नोकरीही जाऊ शकते. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. मधले तीन दिवस तुझे आहेत. अहवाल तू स्वतः मागे घेतलास, तर माझ्या पत्रात फक्त माझी चूक असेल. नाही घेतलास, तरी मी लिहिणारच.

तुझाच, आणि म्हणूनच इतका चिडलेला,
बाबा