खानदानी दमा

बाबा, मागच्या तारखेला वर्ध्याच्या कोर्टात तुमचा विषय निघाला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वर्कशॉपवाल्या सेठच्या वकिलांनी तुम्हाला साक्षीला उभंच केलं म्हणा ना. "अर्जदाराच्या वडिलांनाही दमा होता. आजार खानदानी आहे, वर्कशॉपचा त्याच्याशी काही संबंध नाही," असं ते न्यायाधीश साहेबांना सांगत होते. मी मागच्या बाकावर बसलो होतो. हसावं की रडावं, मला कळेना. कारण तो शब्द त्यांचा नव्हता, तुमचा होता.

मी सेठकडे नुकसानभरपाई मागितली आहे. तुम्हाला हे आवडलं नसतं. ज्याचं मीठ खाल्लं त्याला कोर्टात ओढू नये, असं म्हणून तुम्ही जेवणाच्या ताटावरून उठला असता. पण वेल्डिंगच्या धुरानं माझी छाती गेली, बाबा. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे. सिंदी मेघेच्या घराचा जिना चढताना मला मध्येच बसावं लागतं. काम सुटलं. तुमची सून ब्लाउज शिवते, त्यावर घर चालतं. भरपाई मिळाली नाही तर औषधं बंद करावी लागतील, इतकं हे सरळ आहे.

आपण दोघं जिथं वेल्डिंग करायचो, ते कारंज्याचं वर्कशॉप अजून डोळ्यांपुढून हलत नाही. समोर हायवे, आत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, वर टिनाचं छप्पर. रस्त्यानं जाणाऱ्यांच्या डोळ्यांना चमक लागू नये म्हणून सेठ शटर अर्धं खाली ओढायला लावतात. लोकांचे डोळे वाचतात आणि धूर सगळा आपल्यापाशी राहतो. जस्त चढवलेला पाइप जोडायला घेतला की पांढरा धूर निघतो, तोंडात गोडसर चव येते आणि संध्याकाळी अंगात ताप भरतो. सुटीनंतरच्या दिवशी तर हमखास. तुम्ही थट्टा करता, "तुले सुटी पचत नाई लेका." मग स्वतःच खोकायला लागता, भिंतीला हात लावून. मी विचारतो, इतका खोकला कशाचा? तुम्ही तोंड पुसता आणि म्हणता, "आपल्या खानदानातच दमा आहे. तुह्या आजालेही होता. काऊन घाबरून राह्यला?"

खानदानी हा शब्द तुम्ही असा ऐटीत म्हणायचात, जसं काही आजोबांनी मागे तेवढीच इस्टेट ठेवली होती. घरात, गल्लीत, वर्कशॉपात सगळ्यांच्या तोंडी तो बसला. तुमच्या तेरवीला सेठ आले, तेही म्हणाले, खानदानी बिमारी, कोण काय करणार. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

आता तोच शब्द माझ्या अर्जाच्या आड आला. माझ्या वकीलबाईंनी विचारलं, आजोबांना पाहिलेलं कोणी हयात आहे का? आहे की, तुमची बहीण. पुढच्या तारखेला गिरडहून आत्याला आणलं. डोक्यावरचा पदर सारखा करून ती उभी राहिली आणि साहेबांवरच खेकसली, "माह्या बापाले दमा? म्हातारपणी टेकडी चढून दर्ग्यावर जाये तो. मधात बसे नाई कुठी."

सेठचे वकील हसून म्हणाले, "बरं आजी, मग तुमच्या भावाला काय झालं होतं?"

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "धुरानं खाल्लं त्याले. त्याले मालूम होतं. मले म्हने, बाई, पोराले सांगू नको, दमाच म्हनजो. त्यानं काम सोडलं तं तो खाईन काय?"

बाहेर आल्यावर वकीलबाई खूश होत्या. साक्ष चांगली झाली म्हणाल्या. आत्याला मी चहा पाजला, बसमध्ये बसवून दिलं. ती खिडकीतून म्हणाली, "तब्येतीले जपजो." मी मान हलवली.

तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही मला शेजारी बसवलंत, माझ्या हातावर हात ठेवून पहिला जोड मारून घेतलात, आणि तो सरळ आला म्हणून वर्कशॉपभर दाखवत फिरलात. दहावीत आपटलेल्या पोराला दुसरं काम कुठं मिळणार होतं, हेही मला कळतं. मी बाप झालो आहे, सगळं कळतं. तरी तुमचा राग येतो, आणि राग आला की खोकला वाढतो.

निकाल अजून लागायचा आहे. हे लिहिलेलं मी कोणाला वाचून दाखवणार नाही, तुमच्या सुनेलाही नाही. पण तुम्हाला एक सांगतो. आत्या गप्प झाली होती ना, तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात तिच्या विनवण्या करत होतो, की आता बोलू नको. केस गेली तर गेली, माझ्या बापाला माहीत नव्हतं असंच राहू दे.