नाव न घेता

१३ मे, सकाळ

आजपासून मी समुपदेशन विभागाची प्रमुख. प्रिन्सिपल बाईंनी सकाळच्या सभेत जाहीर केलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या, पण थोड्याच. इथे डोंगरावर मेमध्येही सकाळी गारठा असतो, हात आखडले असणार.

आधीच्या प्रमुखबाई बदली होऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, दार जरा उचलून लाव, खिडकीतून पाणी येतं, आणि बोलणं कमी ठेव. पहिल्या दोन सूचना कामाच्या आहेत.

विभागात आम्ही दोघं. मी आणि शेतीशास्त्राचे ओन्सोंगो सर. सर म्हणाले, मॅडम, तुम्ही बोलत जा, मी खुर्ची सांभाळतो. सहकार्याची ही वृत्ती आवडली.

संकल्प: एकाही मुलीचं गुपित ह्या खोलीबाहेर जाणार नाही. जीभ तुटली तरी.

२१ मे

आठवडाभर दार उघडं ठेवलं. एकही मुलगी आली नाही. म्हणजे मुली सुखात आहेत. प्रिन्सिपल बाईंना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, अगं बोसिबोरी, परवा दोघी कुंपणावरून पळाल्या, तुला पत्ता नाही? ओन्सोंगो सर म्हणाले, सुखाने पळाल्या असतील.

बाबांची आठवण आली. आमच्या गावची शाळा नदीपलीकडे होती, म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं. रोज संध्याकाळी टेबलाशी उभं करून विचारायचे: आज खोटं बोललीस? कोणाला दुखावलंस? मी अजून रोज स्वतःला विचारते. आजचं उत्तर: नाही, नाही.

४ जून

विभागाला चांगले दिवस आले! काल बाहेर रांग होती. डेप्युटी प्रिन्सिपल ओम्बाती सरांनी पाठवलेल्या मुली. छडीवर बंदी आल्यापासून सरांचा हात रिकामा आहे, म्हणून हल्ली ते गुन्हेगार मुलीला दोन पर्याय देतात: मैदानाचं गवत काप, नाहीतर काउन्सेलिंगला जा.

व्हरांड्यातून ऐकू आलं. एक मुलगी अगदी काकुळतीला आली होती. सर, गवत द्या ना. सगळं मैदान द्या, मागचा उतारही द्या. तिच्याकडे नको. मागच्या वेळी मी उशिरा उठले म्हणून नेलं, आणि शेवटी तीच रडत बसली, मलाच रुमाल द्यावा लागला. सर म्हणाले, मग पुन्हा उशिरा उठशील?

मुली समुपदेशन किती गंभीरपणे घेतात, याचा हा पुरावा. आकडे प्रिन्सिपल बाईंना दाखवणार आहे.

१२ जून

आज कोणी न पाठवता एक मुलगी आली. पहिलीच. रुमाल आधीच काढून ठेवला (माझा).

न्यान्चामा. फॉर्म फोर, म्हणजे यंदा शेवटची परीक्षा. वसतिगृहाची कॅप्टन. आवाज खर्जातला, उभी राहिली की बाकीच्या आपोआप रांगेत येतात. आत आली, दार उचलून लावलं, आणि बसायच्या आधीच म्हणाली, मॅडम, मला एक मुलगा आहे.

दीड वर्षाचा. ओबारे. केरोकाच्या बाजारामागे तिच्या आईजवळ असतो. आधीची शाळा तेव्हाच सुटली. वर्षभराने इथे नाव घातलं, कारण इथे तिला कोणी ओळखत नव्हतं. आता पोराला खोकला लागलाय, आणि आई एकटी आहे. तिचं मागणं एवढंच: शनिवारी दुपारचा गेटपास. सही माझी चालते. खरं कारण मात्र ओम्बाती सरांना सांगायचं नाही. म्हणाली, नोव्हेंबरपर्यंतच, मॅडम. पेपर झाले की मला कोणी काही म्हणो. पेपर द्यायचेत मला.

मी तिचा हात धरून वचन दिलं. माणसांपैकी कोणालाही कळणार नाही.

१३ जून

झोप नाही. गेटपासवर कारण लिहावं लागतं. 'कौटुंबिक' लिहिलं तर अर्धं खरं, म्हणजे अर्धं खोटं. बाबा अर्ध्या खोट्याला पूर्ण उपाशी ठेवायचे. न्यान्चामाला म्हटलं, मला विचार करायला वेळ दे. ती म्हणाली, मॅडम, त्याला खोकला आहे. मी समजावलं की घाईत घेतलेले निर्णय चुकतात.

१८ जून, मंगळवार

मार्ग सापडला! आपला भार देवावर टाकायचा. दर मंगळवारी चहाच्या आधी शिक्षकांची प्रार्थना होते, आज पाळी माझी होती.

मोघम प्रार्थना बाबांना खपायची नाही. 'आजाऱ्यांना बरं कर' म्हटलं की ते डोळे न उघडता विचारायचे, कुठले आजारी? देवाने काय घरोघर शोधत फिरायचं? तेव्हा मी नाव न घेता, पण नीट मागितलं. हे प्रभू, तुझं एक लेकरू, नाव मी घेणार नाही, फॉर्म फोरमधलं, वसतिगृहाचं कॅप्टन, खर्जातल्या आवाजाचं, केरोकाच्या बाजारामागचं, त्याच्या दीड वर्षाच्या ओबारेला खोकला आहे. मायलेकरांना एकत्र आण.

शेजारून ओन्सोंगो सर पुटपुटले, बुटाचा नंबर राहिला.

सगळ्यांनी डोळे उघडले तेव्हा खोलीत विलक्षण शांतता होती. देवाचं सान्निध्य असं कधी जाणवलं नव्हतं. ओम्बाती सरांनी चहात साखर ढवळली, ती चांगली पाच मिनिटं.

आज खोटं बोलले? नाही. कोणाला सांगितलं? देवाला.

२ जुलै

एक विचित्र गोष्ट. मुली न्यान्चामाला 'ओबारेची आई' म्हणू लागल्यात. गावात बाईला पोराच्या नावाने हाक मारणं म्हणजे केवढा मान! पण वसतिगृहात त्याच हाकेमागून हसू येतं. जेवणाच्या रांगेत कोणीतरी म्हणालं, ए, ओबारेच्या आईला मक्याची उगाली जास्त वाढा गं, दुधाची बाई आहे. दुसरी म्हणाली, कॅप्टन, तुमच्या बाळाला आमच्या खोलीत झोपवा, निदान एक पुरुष येईल.

बाळाचं नाव ह्या मुलींना कळलं कुठून? शिक्षकांपैकी कोणी इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं.

३ जुलै

न्यान्चामा आली. बसली नाही. विचारलं, मॅडम, तुम्ही कोणाला सांगितलं?

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, देवाशिवाय कोणालाही नाही.

ती म्हणाली, देव कुठे बसला होता? स्टाफरूममध्ये?

प्रश्नात कडवटपणा होता, पण श्रद्धेची सुरुवात अशाच प्रश्नांनी होते. तिला एक स्तोत्र वाचायला सांगितलं. तिने गेटपास मागितला.

१३ जुलै, शनिवार

अखेर सही केली! आता सगळ्यांना माहीतच आहे म्हटल्यावर माझ्या मनावरचा भार उतरला. कारणाच्या जागी संपूर्ण सत्य लिहिलं: 'स्वतःच्या मुलाला भेटण्यासाठी'. अक्षर सुंदर आलं.

गेटवर रांग होती. पहारेकरी प्रत्येक पास मोठ्याने वाचतो, त्याला चष्मा लागलाय, वाचताना खात्री करून घेतो. त्याने हाही वाचला. मग नीट दिसलं नाही म्हणून पुन्हा वाचला.

न्यान्चामा वळून परत वसतिगृहात गेली. इतक्या खटपटीने मिळवलेला पास वापरला नाही. ह्या वयात मन फार चंचल असतं.

२४ सप्टेंबर

ती आता एकटी जेवते. कॅप्टन म्हणून तिने हाक मारली की मुली उशिरा उठतात, मुद्दाम. तरी मागच्या चाचणीत गणितात पहिली आली. ओन्सोंगो सर मला म्हणाले, मॅडम, एक विनंती आहे. त्या पोरीला आता महिनाभर वाचवायचं असेल तर तिच्याकडे बघूसुद्धा नका.

माझ्या लोकप्रियतेचा त्यांना थोडा त्रास होतो. शिवाय मला राहवेना. ज्या मुलींनी तिला चिडवलं त्यांचं काय? त्यांचीही जबाबदारी विभागप्रमुखावरच आहे ना?

५ ऑक्टोबर, शनिवार

परीक्षार्थींचा प्रार्थनादिन. वर्षातला सर्वांत मोठा दिवस. तंबू, लाउडस्पीकर, पास्टर, आणि सगळे आईबाप. मुलींनी आपापले पेन वर धरले, पास्टरांनी तेल शिंपडलं. मग प्रिन्सिपल बाईंनी मला माइक दिला. दोन मिनिटं, म्हणाल्या.

आज मनातलं सगळं सरळ झालं. मी चिडवणाऱ्या मुलींसाठी क्षमा मागितली. कोणाला क्षमा, हे देवाला कळायला हवं, म्हणून चारही जणींची नावं घेतली. कशाची क्षमा, हेही सांगावं लागलं. न्यान्चामाचं नाव मात्र घेतलं नाही. 'ओबारेची आई' एवढंच म्हटलं.

तिची आई तिसऱ्या रांगेत होती, डोक्याला नवा रुमाल बांधून. ती माझ्या शब्दांबरोबर खाली खाली वाकत गेली, कपाळ गुडघ्यांना लागेपर्यंत. इतकी तल्लीन बाई मी पाहिली नव्हती.

मग जरा गोंधळ झाला. त्या चौघींपैकी एकीचा बाप उठला. म्हणाला, आमच्या पोरींना पापी म्हणता? आणि जिने पोर जन्माला घातलं ती त्यांची कॅप्टन? ती आमच्या लेकींच्या शेजारी झोपते? त्याच्यामागे आणखी आवाज उठले. कोणीतरी म्हणालं, शाळा आहे की बाळंतघर? ओम्बाती सर माझ्याकडे बघत होते. हसत होते असं म्हणवत नाही.

न्यान्चामाने पेन खाली ठेवला आणि तंबूतून निघून गेली. चालताना मान ताठ होती. माझ्या समुपदेशनाने तिच्यात आत्मविश्वास आलाय.

७ ऑक्टोबर

प्रिन्सिपल बाईंचा निर्णय: न्यान्चामा वसतिगृहात राहणार नाही. रोज घरून येईल. परीक्षाही घरून येऊन देईल. सरकारी नियमाने शाळेतून काढता येत नाही, असं त्या फार हळहळून म्हणाल्या.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी काय मागितलं होतं? मायलेकरांना एकत्र आण. आणलं! प्रार्थना शब्दशः ऐकली गेली. स्टाफरूममध्ये हे सांगितलं. ओन्सोंगो सर खुर्चीवरून उठले आणि बाहेर गेले. भावना अनावर झाल्या असणार.

१५ ऑक्टोबर

केरोकाहून यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात, आणि सकाळी पाऊस. आठवडाभर आली, रोज चिखलाने भरलेली. मुलींनी वर्गात नाकं दाबली. ओम्बाती सरांनी उशिराबद्दल तिला पर्याय दिले. तिने गवत घेतलं.

कालपासून आलेली नाही. घरी शांतपणे अभ्यास करत असेल.

४ नोव्हेंबर

आज पहिला पेपर. तिची खुर्ची रिकामी होती. पर्यवेक्षकांनी नाव तीनदा पुकारलं. खरं नाव. ते नाव शाळेत कितीतरी दिवसांनी ऐकलं, म्हणून मी एकदम दाराकडे वळले. बाहेर पाऊस होता.

उद्या तिच्या घरी जाणार. उरलेले पेपर तरी द्यायला लावीन. मुलीचं मन वळवणं हेच माझं शिक्षण. पाव आणि साखर घेतली आहे, रिकाम्या हाताने जायला नको.

५ नोव्हेंबर

घर सापडायला वेळ लागला नाही. बाजारात विचारलं तर एक बाई म्हणाली, ती शाळेतली का, ओबारेची आई? सरळ जा.

तिच्या आईने मला ओळखलं. पिशवी घेतली, बसायला खुर्ची पुसून दिली, चहा दिला. न्यान्चामा गाईसाठी गवत कापत होती. विळा दाराशी ठेवून आत आली, ओला हात पुसून माझ्या हातात दिला. मुलगा तिच्या पाठीला बांधलेला होता. खोकत नव्हता.

मी म्हटलं, अजून पेपर आहेत. उद्या ये. मी स्वतः गेटवर उभी राहीन.

ती म्हणाली, तेच नको, मॅडम.

मी म्हटलं, मग मी काय करू ते सांग. तू म्हणशील ते करते.

ती म्हणाली, जूनमध्ये सांगितलं होतं.

मी चहा संपवला. मी निघते म्हटलं. पाहुण्याने निघताना घरासाठी प्रार्थना करायची ही इथली रीत. तिच्या आईने रीतीप्रमाणे म्हटलं, करा मग. न्यान्चामा म्हणाली, आई, नको गं. आई म्हणाली, राहू दे, पाहुणी आहे.

मी डोळे मिटले. ह्या वेळी थोडक्यात करायचं ठरवलं होतं. पण एकदा सुरू केल्यावर काही गाळणं मला अप्रामाणिकपणाचं वाटलं. शाळा, घर, मूल, हुकलेला पेपर, राहिलेले पेपर, आईचं वय, सगळं क्रमाने सांगितलं. शेवटी आमेनसाठी थांबले आणि डोळे उघडले.

खोलीत कोणी नव्हतं. समोरचा कपही उचलून नेला होता. घरामागून गवत कापल्याचा आवाज येत होता, आणि पोर कशाला तरी हसत होतं.

आमेन म्हणायला निदान एक माणूस लागतो. मी जरा वाट पाहिली. मग तेही मीच म्हटलं.