मुलाच्या वडिलांचं नाव

प्रिय धाकट्या,

दोन गल्ल्या पलीकडे राहणारी बहीण पोस्टाने पत्र कशाला पाठवते, असं तुला वाटलं असेल. बायकोला शेजारी बसवून वाच. आणि संताप आला तरी मधेच टाकून देऊ नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

रविवारी तू फोनवर म्हणालास, "ताई, लग्न महिन्यावर आलं आणि पत्रिकेचा अजून पत्ता नाही?" मी प्रेसवाल्याच्या मशीनवर ढकललं. त्याचं मशीन ठणठणीत आहे. अडले होते ती मी. त्याआधी मुलाचे वडील काय करतात असं विचारलंस, तेव्हा "रिटायर झालेत" म्हणून मी विषय बदलला होता. इतकी वर्षं तुझ्यापासून काही लपवलं नाही, आणि या तीन आठवड्यांत मात्र लपवाछपवीशिवाय दुसरं काही केलं नाही.

झालं असं, की लेकीने मुलाकडून मजकुराची चिठ्ठी आणली. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, हॉलचा पत्ता, वेळ, सगळं वहीच्या एका पानावर. मी भाजी निवडता निवडता वाचत होते. मुलाच्या वडिलांच्या नावापाशी आले आणि हात थांबला. नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही तीच. आपल्या घरात वीस वर्षांत ते नाव कोणी उच्चारलं नाही. आपण नुसतं "तो ऑपरेटर" म्हणतो. मुलाचं आडनाव मला ठाऊक होतं, पण त्या आडनावाची माणसं इथे ढिगाने आहेत, शंका कशी यावी? बोलणी करायला मुलाची आई आणि मावशी आल्या होत्या. वडिलांना बरं नाही म्हणाल्या, तेही मी खरं धरलं.

वखारीतला तो दिवस मी तुला काय सांगणार! करवतीत अडकलेला तुकडा काढायला तू हात घातलास आणि त्याने बटण दाबलं. उजव्या हाताची चार बोटं गेली. पण तुला बोटांपेक्षा जास्त लागलं ते चौकशीत त्याने लिहून दिलेलं, की मशीन बंद ठेवायची खूण तू केलीच नाहीस. "कामगाराचा हलगर्जीपणा" असा शिक्का बसला. तुझ्यासारख्या सुतारावर! त्यानंतर तू डाव्या हाताने अक्षरं गिरवायला लागलास, तेव्हा लेक सहा वर्षांची होती. तुम्ही दोघं माझ्या ओट्याशेजारी जमिनीवर बसून गिरवायचात आणि ती तुझ्या अक्षराला हसायची. तू तिला एकदाही रागावला नाहीस.

मी चिठ्ठी तिच्यापुढे धरली. ती म्हणाली, "मला चार महिने माहीत आहे, आई. वडिलांबद्दल त्यानेच सांगितलं. मामाला सांगायची हिंमत होईना." रडली नाही. म्हणाली, "मामा नको म्हणाला तर काय करशील, ते मात्र आज विचारू नकोस." मी नाही विचारलं.

मग मी पळवाटा शोधायला लागले. आधी ठरवलं, पत्रिकेत कोणाच्याच आईवडिलांची नावं नकोत. प्रेसवाला म्हणाला, "लोक विचारतील, पळून जाऊन करताय का?" मग दुसरी युक्ती काढली. सगळ्या पत्रिका नीट छापायच्या आणि एकच वेगळी, त्या नावाशिवाय. "होईल की," तो म्हणाला, "पण ही एक कोणासाठी?" मी म्हटलं, "भावासाठी." तोंडातून शब्द गेला आणि माझे कान तापले. तरी मी मागे हटले नाही. लेकीकडून पत्ता घेतला आणि बुधवारी दुपारी त्याच्या घरी गेले, त्याच्याकडून कबूल करून घ्यायला.

चौकशीच्या दिवशी मी त्याला पाहिलं होतं, तो दांडगा गडी डोक्यात होता. दार उघडलं ते हाडकुळ्या माणसाने, चष्मा दोरीने बांधलेला. मी बसले नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, "माझ्या भावाच्या पत्रिकेत तुमचं नाव नसेल, आणि लग्नात तुम्ही त्याच्यासमोर यायचं नाही." तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "त्याने हात वर केला होता. मी दुसऱ्याशी बोलत होतो, पाहिलंच नाही. नोकरी जाईल म्हणून घाबरलो आणि उलटं लिहून दिलं." त्याची बायको गॅसपाशी होती. तिलाही हे ठाऊक नव्हतं. तिने गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत गेली.

वीस वर्षं मी त्याच्यासाठी शिव्या साठवल्या होत्या, धाकट्या. त्या वेळी एकही आठवली नाही. मी पाणी मागितलं.

पाणी देताना म्हणाला, "नाव गाळायचं तर सगळ्याच पत्रिकांतून गाळा. मी येणार नाही, मुलाला समजावीन. पण मी येणार असेन तर तुमच्या भावाला आधी कळू द्या. हॉलमध्ये अचानक मला बघायची पाळी त्यांच्यावर आणू नका." मग कागद घेऊन, तू खूण केली होतीस हे त्याने चार ओळींत लिहिलं, सही केली, तारीख घातली. वखार कधीच बंद पडली, आता हे कोणाला द्यायचं ते त्याला कळत नव्हतं. तो कागद या पाकिटात आहे. मी त्याला माफ केलेलं नाही. तो हक्क माझा नाही, आणि तूही करावंस असं मी म्हणणार नाही.

प्रेसवाला पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबलाय. मुलाच्या वडिलांचं नाव सगळ्या पत्रिकांत राहील, तुझ्याही. ते मी सांगून आले. आता आपल्या बाजूचं. लेकीचे वडील असते तर माझ्या नावाशेजारी त्यांचं नाव आलं असतं. ती जागा मला तुला द्यायची आहे. म्हणजे तुझं आणि त्याचं नाव एकाच कागदावर, समोरासमोर येईल. तुला ते सोसेल का, मला खरंच माहीत नाही. हो किंवा नाही, एवढंच कळव. नाही म्हणालास तर ती जागा कोरी ठेवीन, दुसऱ्या कोणाचं नाव तिथे घालणार नाही. लग्न मात्र होईल. हे मी येऊन सांगायला हवं होतं. दोनदा तुझ्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत फिरले. तुझा चेहरा बघितला असता तर मी पुन्हा मशीन बिघडल्याचं सांगितलं असतं.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली, तुझीच,
ताई