राखाडी दोऱ्याचं काज

६ फेब्रुवारी
डाव्या हाताने लिहितेय. उजवा प्लास्टरमध्ये. मास्तरच्या शिलाईच्या दुकानाचा जिना उतरत होते, मागून कुणीतरी पिशवी ओढली – मी खाली, तो पसार! पिशवीत काय, तर चष्मा आणि माझी काजाची कात्री. एवढ्यासाठी मनगट मोडलं मेल्याने.
पोलिसांनी चार जण उभे केले. तोंड मी पाहिलंच नव्हतं. पाहिली ती बाही. वॉचमन लोकांचा निळा शर्ट, कफाच्या काजाला राखाडी दोरा. निळं रीळ संपलं होतं म्हणून मीच घातलेला. तिसऱ्याचा कफ धरला, म्हटलं, हाच! चाळीस वर्षं काजं करतेय, माझा टाका मी ओळखणार नाही?
जबाबासाठी कोर्टात नेलं, तिथेही शपथेवर 'हाच' म्हटलं. विचारलं, "असे किती शर्ट केलेत?" एकच, म्हटलं. ठणकावून!

९ फेब्रुवारी
मुलाचा फोन. "दोन वर्षं तरी आत सडला पाहिजे, आई." म्हटलं, तो सडला की माझं हाड जुळेल का? म्हणाला, "तत्त्वाचा प्रश्न आहे." असेल. वेणी मात्र शेजारणीने घातली.

११ फेब्रुवारी
कोर्टाकडून एक बाई आली. गळ्यात मोठाले मणी, आवाजात मध. म्हणे शिक्षेने काही साधत नाही. गोल खुर्च्या मांडायच्या, त्याने गुन्हा कबूल करायचा, माझं नुकसान भरून द्यायचं. कबूल केलं तर तुरुंग नाही. नाही केलं तर खटला, आणि साक्षीदार मी. "आजी, तुमची जखम ऐकली जाईल." म्हटलं, ती डॉक्टरने पाहिली, एक्स-रे काढून.
मुलगा फोनवर ओरडला, "चोराचे लाड आहेत हे!" तो नको म्हणाला म्हणून मी सही केली.

१८ फेब्रुवारी
झाली बैठक. पाच खुर्च्या आणि एक लाकडी पक्षी. पक्षी ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं. मी पाऊण तास सोडला नाही. बाईचं हसू आंबलं.
मग वॉचमन. चाळिशीचा माणूस, मान खाली. "चूक झाली, आजी." कसली? "तुम्हाला ढकललं. रस्त्यात." रस्त्यात? जिन्यावर रे! "हो, जिन्यावर. समोरून येऊन–" मागून! शेवटी सगळं मीच सांगितलं, त्याने माझ्यामागून म्हटलं. बाईने डोळे पुसले. मला संताप आला. हाड मोडायला जमलं, माफी मागायला जमेना? कात्री कुठाय विचारलं, तर बाईकडे बघायला लागला.
ठरलं असं – माझा हात बरा होईपर्यंत त्याने रोज ड्यूटी संपली की दोन तास माझी काजं करायची.

२० फेब्रुवारी
पहिलं काज. उंदराने कुरतडल्यासारखं. सात वेळा उसवायला लावलं.

३ मार्च
मुलगा विचारतो, "आला होता का तो चोर?" रोज येतो. तू कधी येतोस? – रेंज गेली म्हणे.

१२ मार्च
प्लास्टर निघालं. हात काटकी झालाय. वॉचमनला म्हटलं, घरी काय सांगितलंस रे? "बायकोला खरं सांगितलं." काय खरं? सुई ओवत बसला. मग म्हणाला, "मुलगी बोलत नाही. शाळेत चोराची पोरगी म्हणतात तिला." म्हटलं, आधी विचार करायचास.
"हो, आजी."

२६ मार्च
माझा हात चालायला लागला, आज तो सुटला. त्याचं एक काज बघून मास्तर म्हणतो, "हे आजींचंच ना?" मेला! इतका अपमान चाळीस वर्षांत झाला नव्हता.
बाईने फॉर्म आणला – पीडितेचं समाधान झालं का? 'हो'वर खूण केली. बाई माझ्यावर लेख लिहिणार आहे. चोर सुधारला, आजी निवली, वगैरे.

१ एप्रिल
पोलिसांनी कात्री आणून दिली. दुसऱ्याच एका वॉचमनकडे सापडली. त्याने सगळं सांगितलं – जिना, मागून, पिशवी. कुणी न शिकवता. त्याच्याही कफाला राखाडी दोरा. मास्तर म्हणाला, "निळं रीळ संपलं त्या दिवशी दोन शर्ट दिले होतेत, आजी. मला वाटलं, तुम्हाला आठवत असेल."
माझ्या वॉचमनकडे गेले. गेटवर उभा होता. कबूल का केलंस रे? "वकील म्हणाला, म्हातारी शपथेवर सांगतेय, तुझं कोण ऐकणार? हो म्हण आणि सूट."
मुलाला सांगितलं. म्हणतो, "जाऊ दे, आई. माणूस आहे, चूक होते." तत्त्व आज सुट्टीवर!

२ एप्रिल
बाईला फोन केला – खुर्च्या मांडा. "गुन्हेगार कोण, आजी?" मी.
संध्याकाळी तिचा उलट फोन. वॉचमनला खुर्च्या नकोत. म्हणतो, 'हाच' म्हणून जिथे शपथेवर सांगितलंत, तिथेच 'हा नव्हे' म्हणा, सगळ्यांसमोर. मुलीला घेऊन येतो म्हणाला.
मुलगा लगेच धावत आला. "आई, खोट्या साक्षीला शिक्षा असते!"
असते म्हणे. उद्या अकरा वाजता, कोर्टात.